खरवडलेलं नाव

माझे वडील धम्मपाल सरकारी कचेरीत कारकून होते. जुने मोडी कागद वाचून देणारा त्यांच्यासारखा माणूस जिल्ह्यात नव्हता. मुलगी म्हणून सांगत नाही, मोठमोठे साहेब त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडच्या आमच्या घरात त्यांनी नवा उद्योग काढला. परदेशातल्या एका ग्रंथालयाने जुन्या मराठी पोथ्यांचे फोटो इंटरनेटवर फुकट टाकले होते. दुपारची जेवणं झाली की मी लॅपटॉप लावून द्यायची, आणि पप्पा पान मोठं करून साडेचारशे वर्षांपूर्वीची अक्षरं वाचत बसायचे.

वैशाख होता. कॉलनीत चिटपाखरू नसायचं, नुसती कूलरची घरघर.

"तेजू, शेवटचं पान बघ," पप्पा म्हणाले. "इथं लिहिणाऱ्याचं नाव होतं. कुणीतरी चाकूने खरवडलंय."

खरवडलेल्या जागेच्या वर ओळ होती, 'जो वाची तेणें माझें नांव घ्यावें.' पुढे नुसता पांढरट डाग.

"आता कसं कळणार?"

"शाई कागदात खाली मुरते. त्याच पानाची मागची बाजू काढ, आणि आरशात दिसते तशी उलटी कर."

मी फोटो उलटा केला. फिकट तपकिरी ठिपके दिसत होते. मला त्यात काही कळेना. पप्पा तीन दुपारी त्यांच्याकडे बघत राहिले. चौथ्या दुपारी एकेक अक्षर उच्चारू लागले.

"चां... गु... णा. येसाची लेक. गंगेकाठीं वेशीबाहेर राहे."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "वेशीबाहेर," ते हळूच म्हणाले. "आपली आहे ही, तेजू. ही पोथी आपल्या बाईने लिहिलीय."

पप्पांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नाव त्यांनी वहीत सुबक अक्षरात उतरवलं. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर बाकी मजकूर जसाच्या तसा होता. नावाच्या जागी मात्र कागद सोलला होता, त्याची लव उभी राहिली होती. मला वाटलं, कसर लागली. पप्पांनी पुन्हा लिहिलं, वही कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली. सकाळी कपाट उघडलं, तर तेच.

"आज आपण बघत बसू," पप्पा म्हणाले.

टळटळीत दुपारी, दोन वाजता, त्यांनी माझ्यासमोर नाव लिहिलं आणि कूलर बंद केला. ऊन फरशीवर पसरलं होतं. थोड्या वेळाने खोलीत एक वास आला... विझलेल्या वातीचा, तेलकट. मग आवाज. खर्र... खर्र...

वहीजवळ कुणीच नव्हतं. तरी 'णा'चा काना विरत गेला. कागदाचे तंतू उभे राहत होते आणि त्यांचा भुसा टेबलावर साचत होता. मी पप्पांचा दंड घट्ट धरला.

"पप्पा... उठा ना. राहू द्या."

"नाही." त्यांनी पेन उचललं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली, अजून तुझं भागलं नाही? खरवड. मी लिहितो."

त्यांनी खाली पुन्हा नाव लिहिलं. ते गेलं. पुन्हा लिहिलं. प्रत्येक वेळी ते मोठ्याने म्हणायचे, "चांगुणा." नंतर मीही म्हणू लागले. अख्खं पान भरलं, फाटलं, दुसरं घेतलं. चार वाजून गेले तेव्हा आवाज थांबला. शेवटचं नाव तसंच राहिलं.

त्याच संध्याकाळी आम्ही ग्रंथालयाला मेल केला. दीड महिन्याने उत्तर आलं. त्यांच्या तज्ज्ञांनी वाचन तपासलं होतं. यादीत जिथं 'लेखक अज्ञात' होतं, तिथं आता चांगुणेचं नाव होतं, आणि खाली, 'वाचन: धम्मपाल, नाशिक.' कॉलनीच्या विहारात पप्पांचा सत्कार झाला. पांढऱ्या सदऱ्यात ते ताठ उभे होते. त्यांनी नाव घेतलं आणि सगळ्या कॉलनीने ते मागून म्हटलं. मला इतकं भरून आलं, की टाळ्या वाजवायचंच राहिलं.

नंतर ग्रंथालयातल्या बाईंचा दुसरा मेल आला. तुमच्या पत्रानंतर आमच्या आणखी सहा पोथ्यांतली लिहिणाऱ्यांची नावं खरवडलेली सापडली, असं त्यांनी लिहिलं होतं. पोथ्या कुलपात होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोंत नावं शाबूत होती.

"ते फोटो मागव," पप्पा म्हणाले. "सगळी नावं पाठ करू. विहारात सगळ्यांना शिकवू."

तसंच केलं. सहाही नावं लहानथोरांनी पाठ केली. दर रविवारी विहारात घोष व्हायचा, आणि पप्पांची मान आणखी ताठ व्हायची.

गेल्या रविवारी मी बोटांवर मोजली. पाच झाली. पप्पांना विचारलं. ते ओठ हलवत बोटं मोजत गेले आणि पाचव्या बोटाशी थांबले. घरी येऊन आम्ही फोटो उघडले. पाचच होते.

विहाराचं काम बघणाऱ्या लताबाईंना मी फोन लावला.

"अगं, पहिल्यापासून पाचच तर होती," त्या म्हणाल्या.

मेल माझ्यासमोर उघडा आहे. त्यात सहा पोथ्या लिहिलंय.