एकोणिसावा सूर

शिरोलीच्या कारखानपट्ट्यात जुन्या ओतशाळेच्या गोदामात धातुस्मृती केंद्राची प्रयोगशाळा होती. तिची प्रमुख शाल्मली इंगवले हिला दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता, एक गंज आणि दुसरा 'बहुतेक' हा शब्द. आपलं यंत्र बहुतेक म्हणत नाही, हो किंवा नाही म्हणतं, असं ती आल्यागेल्याला ऐकवत असे. आज ते ऐकायची पाळी मंदाकिनी पोवार यांची होती.

मंदाकिनीबाई गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यांवर काम करणाऱ्या परिचारिका. अंगावर खात्याची निळी साडी, मांडीवर पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात घट्ट. जुनी गाडी आंतरजालावरून घेणारे लोक केंद्राची तपासणी घरबसल्या फोनवरूनच करून घेत. या बाई मात्र दोन एस्ट्या बदलून स्वतः आल्या होत्या.

"घरबसल्या होतंय म्हटलं की मला भ्या वाटतंय, मॅडम," त्या म्हणाल्या. "पाच वाड्यांनी मिळून गाडी घ्यायला सांगितलीया. मागच्या चैत्रात आमची एक पोरगी घाटातल्या वळणावर, उघड्यावर बाळंत झाली. जीप मागवली होती, ती आली न्हाई. बाळ गेलं. आता फसले तर परत कोन इस्वास ठेवंल?"

शाल्मलीने त्यांच्यासमोर पोलादाची एक पट्टी ठेवली. "हे बघा. यातले अणू रांगा करून उभे असतात. गाडी खड्ड्यात आदळली की काही अणू रांग सोडतात आणि पुन्हा जागेवर येत नाहीत. त्याला आम्ही धातुस्मृती म्हणतो. मीटर मागे फिरवता येतो, पत्रा रंगवता येतो. माणसाचा चेहरा आणि आवाज तर आता कुणीही घडवतं. पण रांग सोडलेला अणू कुणाला परत बसवता येत नाही."

"आनि तुमाला इथं बसून दिसतंय कसं?"

"विकणाऱ्याने फोन गाडीच्या दाराला चिकटवायचा. आम्ही त्यातून एक सूर सोडतो, प्रश्नसूर. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा, त्याच क्षणी तयार केलेला. पत्रा त्या सुराला दाद देतो आणि त्या दादेतून गाडीची सगळी हकिगत कळते. गाडी नुसती चित्रातली असेल तर दाद येतच नाही."

पडद्यावर विकणारा आला. डॉ. निनाद सबनीस, सोनेरी चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. फिरत्या दवाखान्याची गाडी होती, परदेशी जायचं आहे म्हणून घाईने काढतोय, असं त्यांनी मोठ्या आर्जवाने सांगितलं. बयाणा आज संध्याकाळपर्यंत आला तर ठीक, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे. मदतनिसाने फोन दाराला लावला. शाल्मलीने कळ दाबली आणि प्रयोगशाळेत एक बारीक, टिपेचा सूर घुमला. तिने सवयीने कान झाकले. मंदाकिनीबाई मात्र ढिम्म हलल्या नाहीत.

"माझ्या कानाला सवय हाय असल्या टिपेची," त्या म्हणाल्या.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. गाडी खरी. मीटर खरा. अपघात नाही. सांगाडा कुठेही जोडलेला नाही. मंदाकिनीबाईंचा चेहरा असा उजळला की शाल्मलीलाही आपल्या कामाचं अप्रूप वाटलं. बाईंनी पिशवीतून फोन काढला.

"जरा थांबा, ताई."

हे बाबालाल मुल्लाणी बोलले. बाबालालचाचांनी याच गोदामात चाळीस वर्षं ओतकाम केलं होतं आणि आता ते केंद्रात सल्लागार होते. शाल्मली त्यांना मानत असे, त्यांच्या शंकांना मात्र वैतागत असे.

"काय झालं चाचा? यंत्र हो म्हणालंय."

"गाडी हो म्हनाली. मानूस कुटं काय म्हनालाय? गाडी खरी हाय म्हनून त्यो खरा झाला काय?"

प्रश्न इतका साधा होता की शाल्मलीला थोडा रागच आला. गेल्या दोन वर्षांत हजारो तपासण्या झाल्या होत्या आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. केंद्रात सगळे धातूचे जाणकार, त्यामुळे धातू खरं बोलला की काम संपलं असंच सगळे धरून चालले होते.

"मग माणूस कसा तपासायचा?"

"आमी वतलेला नग बिघडला की नगाकडं बघत न्हवतो. छाटून टाकलेला भाग फोडून बघायचो. दोष तिथं सापडायचा. तुमी ह्या आवाजातनं काय छाटून टाकलासा?"

"गाळ," शाल्मली म्हणाली. दाद वाचताना तिच्यात बारीकसारीक थर यायचे. हकिगत स्वच्छ दिसावी म्हणून यंत्र ते आपोआप गाळून टाकायचं. ती चाळणी तिने स्वतः बनवली होती आणि तिला तिचा अभिमानही होता.

तिने गाळ उघडला.

त्यात बारीक रेघांचे गठ्ठे होते, एकसारख्या लांबीचे. तिने मोजले. अठरा. शेवटचा आत्ताच्या सुराशी तंतोतंत जुळला.

"हे आपलेच प्रश्नसूर आहेत," ती हळूच म्हणाली. "पत्र्याने दाद द्यावी म्हणून आपण त्याच्या मनाजोगता सूर निवडतो. त्या सुरानेही थोडे अणू रांग सोडत असणार. चाचा, विचारलेला प्रश्नसुद्धा गाडीच्या लक्षात राहतो."

"म्हंजे माज्याआधी सतरा जनांनी ही गाडी इचारलीया?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

मालकांच्या खाजगीपणासाठी केंद्र गाड्यांची ओळख साठवत नसे, त्यामुळे एकच गाडी सतरा वेळा आली तरी कुणाला पत्ता नव्हता. गिऱ्हाइकाचा प्रश्नसूर मात्र पावतीसारखा जपलेला असे. शाल्मलीने पहिल्याच सुराची नोंद काढून फोन लावला. साताऱ्याच्या एक शिक्षिका होत्या. "गाडी अजून आली नाही हो. पण तुमचं हिरवं प्रमाणपत्र आहे ना, म्हणून निर्धास्त आहे," त्या म्हणाल्या. खऱ्या गाडीपुढे एक बनावट चेहरा उभा करून कुणीतरी सतरा जणांना गंडवलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिच्या यंत्राने त्याची भलामण केली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंदाकिनीबाईंनी फोन पिशवीत ठेवला. "बरं झालं कळलं," त्या म्हणाल्या. "वाडीवर जाऊन काय सांगू? गाडी खरी हाय, पन न्हाई?"

"ताई, गाडी हाय की," चाचा म्हणाले. "कुटं हाय तेवडं बगायचं."

शाल्मलीने मान वर केली. प्रश्नसुरांच्या मधल्या जागेत गाडी चालल्याची एकही खूण नव्हती. पाच महिने ती एकाच ठिकाणी उभी होती. पण तिथे दुसरं काहीतरी होतं. खालच्या जमिनीतून आलेले मोठे हादरे, तीन ठोके आणि एक विसावा, पुन्हा तीन ठोके. तिने ते आवाजात बदलून ऐकवले. चाचांनी डोळे मिटले आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"गाड्यांचे स्प्रिंगपाटे ठोकायचा यंत्राचा घन. तीन घाव आनि मग पाटा पालटायचा. असला जुना घन कागलच्या वाटंवर एकच उरलाय."

दुसऱ्या दिवशी पोलिसांना घेऊन ते तिथे गेले. पाटे ठोकणाऱ्या कारखान्याला लागूनच एक गॅरेज होतं आणि मागच्या शेडमध्ये ती पांढरी गाडी उभी होती. गॅरेजवाला आधी चांगलाच गरजला. ही गाडी आपण कुणालाही दाखवली नाही, असं तो शपथेवर सांगू लागला. शाल्मलीने दाराला फोन लावला, खूण न उमटवणाऱ्या मंद सुराने नुसती जुनी स्मृती वाचली आणि गाडीने अठरा जणांची साक्ष दिली. मग त्याचा आवाज बसला.

गाडीचे खरे मालक गुरांचे निवृत्त डॉक्टर निघाले, यशवंत बेळेकर. गाडी दुरुस्तीला दिल्यापासून पाच महिने त्यांना 'सुटा भाग यायचाय' एवढंच सांगण्यात येत होतं. सगळं ऐकून त्यांनी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. "माझे गुडघे गेले, बाई. मला ती विकायचीच होती, पण आंतरजालावर फसवतात म्हणून धीर होत नव्हता," ते म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. व्यवहार तिथल्या तिथे, समोरासमोर झाला. पोलिसांच्या हाती धागा लागल्यामुळे साताऱ्याच्या बाईंसकट बहुतेकांचे बयाणेही परत मिळाले. हा 'बहुतेक' शाल्मलीने निमूटपणे स्वीकारला.

केंद्राच्या प्रमाणपत्रावर आता पहिलीच ओळ वेगळी असते: या गाडीला आजवर किती जणांनी विचारलं. यंत्रातली चाळणी शाल्मलीने स्वतःच्या हाताने काढून टाकली.

वर्षभराने गाडी तपासणीला आली. चालक ती लावून चहाला गेला. शाल्मलीने प्रश्नसूर सोडण्याआधी त्याच मंद सुराने नुसती जुनी स्मृती वाचली आणि पडद्यावर आकडा आला. एकोणीस.

तिने दोनदा वाचलं. एकोणिसावा सूर केंद्राच्या नोंदीत नव्हता. लांबीलाही वेडावाकडा, मध्येच तुटलेला, पुन्हा सुरू झालेला. कुणीतरी केंद्राच्या सुराची नक्कल करत होतं काय? की मंदाकिनीबाईच गाडी परस्पर कुणाला दाखवत होत्या? तसा विचार आल्याचीही तिला लाज वाटली, पण हात फोनकडे गेलाच.

"ताई, आठव्या तारखेला सकाळी गाडी चढ चढून कुठल्यातरी वळणावर वीस मिनिटं उभी होती. इंजिन चालू, दारं बंद. आत कुणी सूर सोडला होता? आमच्याच टिपेचा आहे."

पलीकडून मंदाकिनीबाई मोठ्याने हसल्या.

"मॅडम, घाटातलं वळन तेच. पोरगीबी तीच, मागच्या येळंची. पन औंदा गाडी हुती. दवाखान्यापत्तूर दम निघाला न्हाई, आतच झाली. मुलगी हाय. काय रडली म्हनून सांगू, पत्रा थरथरत हुता!"

शाल्मलीने फोन खाली ठेवला. चाचा मागे येऊन उभे होते. तिने तो सूर पुन्हा एकदा लावला, आणि या वेळी कान झाकले नाहीत.

मग तिने नोंदवही उघडली आणि एकोणिसाव्या सुरापुढे, गिऱ्हाइकाच्या रकान्यात लिहिलं: नाव अजून ठेवायचं आहे.