लेनचे चार ठोके

खोटं सांगून मला काय मिळणार? टेपच्या डब्यावर माझ्याच अक्षरात तारीख आहे. गुरुवार, चौदा नोव्हेंबर. दुपारचे तीन. बर्मिंगहॅम, डिग्बेथमधल्या रेल्वे पुलाच्या कमानीखालचा माझा स्टुडिओ.

आम्ही दोघंच होतो. रेकॉर्डिंग करणारा मी, नॉर्म. आणि गिटारवाला क्लिफ ट्रँटर.

दुसऱ्या दिवशी क्लिफच्या डाव्या हाताचं ऑपरेशन होतं. बोटं पुन्हा वाकतील याची डॉक्टरांना खात्री नव्हती.

एकच गाणं रेकॉर्ड करायचं राहिलं होतं.

क्लिफचं वाजवणं म्हणजे आधी भिंत पाडणारा जड रिफ, तीच ती दणकट सुरावट पुन्हा पुन्हा. मग मध्येच धुकं. सूर विरत विरत जायचे आणि त्यांच्यामागे क्लिफही. चाळीस वर्षं आमचा ड्रमर लेन त्याला परत आणायचा. काठीवर काठी आपटून चार ठोके. लगेच रिफ.

लेन मार्चमध्ये गेला.

टेक एक.

रिफ. धुकं. धुकं...

"परत ये की म्हाताऱ्या!"

"वाट सापडत नाही रे. दमलोय. चहा टाक."

टेक दोन.

रिफ. धुकं...

टक. टक. टक. टक.

रिफ!

मी काचेपलीकडे ड्रमच्या खोलीत पाहिलं.

रिकामी. तिथले माइक मी एप्रिलमध्येच काढले होते.

"जमलं!" क्लिफ म्हणाला. "शेवटी बोट घसरलं. तेवढा रिफ पुन्हा घेऊ." तो सिगारेट ओढायला बाहेर गेला.

मी टेप मागे नेली. ठोके टेपवरही होते...

नवा रिफ घ्यायचा तर जुना पुसावा लागतो. कुठून पुसायचा? मी ठोक्यांपासून पुसला. नको ती टकटक काढायची तीस वर्षांची सवय. आणि घाबरलोही होतो.

क्लिफ आला. ऐकू लागला. धुकं... आणि पुढे काहीच नाही.

"ठोके कुठायत?"

"पुसले. कसलातरी खडखडाट होता."

"खडखडाट? गाढवा, लेन होता तो!"

 तो पुन्हा गिटार घेऊन बसला.

टेक तीन.

रिफ. धुकं.

मान वर करून, वाट बघत तो वाजवत राहिला...

टेप संपली. चाक रिकामं फिरत राहिलं.

कुणी आलं नाही.

ऑपरेशननंतर क्लिफची दोन बोटं वाकत नाहीत. रिफ गेला. दर गुरुवारी तीनला येतो, चीज-कांद्याचा पाव खातो आणि उरलेल्या बोटांनी धुकं वाजवतो. मी टेप चालू करत नाही.

गेल्या गुरुवारी...

टक.

टक.

टक.

क्लिफने माझ्याकडे पाहिलं. उजवा हात तारांवर उचललेला. तसाच.

चौथा आला नाही.

त्या दिवसापासून चहा ढवळताना चमचा कपाला लागला की मी मोजतो. तीन झाले की हात थांबतो.