गुरुवारचा उतार

परिचर्या मूल्यमापन मंडळाच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत त्या सकाळी दोन शास्त्रज्ञ एका केसावरून वाद घालत होते. केस पांढरा, सतरा सेंटिमीटर लांब, आणि मिरजेच्या एका शुश्रूषागृहातल्या द्वारका आवटी यांचा होता. आवटीबाई एके काळी पोस्टमास्तर होत्या. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून चार वर्षं त्या अंथरुणावर होत्या. डोळे उघडत, मिटत, पण हाक मारली तर बघत नसत.

मंडळाच्या मुख्य मूल्यमापक डॉ. वैजयंती खरात यांचा शुश्रूषागृहांच्या नोंदवह्यांवर काडीचाही विश्वास नव्हता. पानामागून पानं ‘रुग्ण समाधानी’. एका गृहाने तर आदल्या दिवशी वारलेल्या आजोबांना दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडी भरवल्याची नोंद केली होती. त्या दिवसापासून खरातबाईंनी वही बाजूला ठेवली आणि रुग्णांचे केस मागवायला सुरुवात केली.

“मंडळाचे सदस्य विचारतील,” त्या म्हणाल्या. “त्यांना समजेल असं सांगा, मुजावर.”

जीवरसायनतज्ज्ञ डॉ. आबिद मुजावर यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “केस वाढत असताना रक्तातला ताणरस त्यात अडकून राहतो. माणूस घाबरला, काही दुखलं, तहान लागली आणि कुणी आलं नाही, की ताणरस चढतो. बरं वाटलं की उतरतो. केस रोज साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा वाढतो. आपला केशवाचक त्याचे इतके बारीक काप घेतो की दिवसाचे चार प्रहर वेगळे वाचता येतात. थोडक्यात, रुग्णाला न विचारता त्याची रोजनिशी मिळते. तिला आपण केशलेख म्हणतो.”

“आणि तारखा?”

“बाईंना दोनदा न्यूमोनियाची इंजेक्शनं दिली होती. त्या औषधाच्या खुणा केसात आहेत. त्यांवरून मोजलं तर चूक फार तर तीन तासांची.”

“मग हे बघा.” खरातबाईंनी पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं. रेषा दर आठवड्याला एकदा छान खाली येत होती. “वहीत लिहिलंय, दर शुक्रवारी न्हाणं, तेल, वेणी, बोलणं, दोन तास. उतार मात्र गुरुवारी दुपारीच सुरू होतो. एकदा नाही, प्रत्येक आठवड्याला. म्हणजे न्हाणं गुरुवारी होतं आणि वही खोटी आहे.”

“पण उतार आहे ना? सेवा पोचतेय.”

“ऊन पाण्याने कुणाचंही अंग सैलावतं. त्यावरून आत माणूस जागा आहे असं ठरत नाही. आणि हे तर पाहाच.” त्यांनी रेषा पुढे सरकवली. “फेब्रुवारी-मार्चमध्ये बाईंना न्हाऊ घालणारी सेविका रजेवर होती. तीन आठवडे रेषा सपाट. चौथ्या आठवड्यात ती शुक्रवारी कामावर आली, असं वही सांगते. उतार पुन्हा गुरुवारीच! सेविका गावात नसताना न्हाऊ कुणी घातलं?”

मुजावरांनी तारखा पुन्हा मोजल्या; त्या बरोबरच होत्या. मंडळाचे नियम सरळ होते. सेवेला हात कमी आणि म्हातारी माणसं जास्त, असे दिवस आले होते. ज्याच्या मनाचा प्रतिसाद सिद्ध होत नाही, त्याला मंडळाच्या निश्चल केंद्रात हलवायचं आणि सुटलेले हात इतरांना द्यायचे. केंद्रात जेवण यंत्र भरवत असे, कूसही यंत्रच बदलून देत असे. तिथे कुणालाही जखमा होत नसत आणि कुणी कुणाशी बोलतही नसे. आवटीबाईंचं केंद्रात जाणं आता फक्त खरातबाईंच्या सहीवर अडलं होतं. वही खोटी ठरली तर शुश्रूषागृहाची मान्यताही जाणार होती.

सही करण्याआधी खरातबाई स्वतः मिरजेला गेल्या. ही त्यांची पद्धत होती. शिक्षा सुनवायची तर ती तोंडावर सुनावावी.

परिचारिकाप्रमुख मार्था सातपुते यांनी त्यांना आवटीबाईंच्या खोलीत नेलं. सेविका हौसाक्का मगदूम खाटेपाशी हातात कंगवा धरून उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, आणि घाबरलेली.

“गुरुवारी न्हाऊ घालता आणि शुक्रवारी लिहिता, असं का?” खरातबाईंनी थेट विचारलं.

“न्हाई वो मॅडम! शुक्रवारीच घालते. बायकांचं न्हाणं शुक्रवारचं असतंय. गुरुवारी कशाला घालीन?”

“तुमचा आमच्यावर विश्वास नसेल,” मार्था सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “पण तुमच्याच मंडळाने प्रत्येक उशीखाली ओलावामापक बसवलाय, डोक्यामागे जखमा होऊ नयेत म्हणून. ओले केस उशीवर आले की तो नोंद करतो. एकदा बघून घ्या.”

खरातबाईंनी नोंदी उघडल्या. सतरा महिन्यांत ओलावा फक्त शुक्रवारी होता. गुरुवारची उशी एकदाही भिजलेली नव्हती. मार्चमधल्या त्या गुरुवारीही नव्हती. स्वतःच्याच यंत्राला खोटं कसं म्हणायचं? त्यांनी मुजावरांना फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला.

“गुरुवारी इथे वेगळं काय असतं?” मुजावरांनी पलीकडून विचारलं. “जेवण? पाहुणे? औषध?”

“कायबी नसतंय,” हौसाक्का म्हणाली. “दुसऱ्या दिवशी शुक्रवार असतोय, एवढंच.”

खरातबाईंनी मान वर केली.

“तुम्ही रजेवर होतात, तेव्हाचं सांगा,” त्या सावकाश म्हणाल्या. “चौथ्या आठवड्यात गुरुवारी तुम्ही कुठे होतात?”

“गोकाकला. लेकीचं बाळंतपण होतं. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आले ती थेट हितंच.”

“शुक्रवारी येणार हे कुणाला माहीत होतं?”

“सिस्टरांना. अर्ज दिला होता की. आणि ह्यांना.” तिने कंगव्याने खाटेकडे दाखवलं. “जाताना सांगून गेले ना मी. म्हटलं, पोस्टबाई, आता तीन शुक्रवार वाट बघू नका, चौथ्याला येते. न सांगता जावं होय माणसानं?”

खरातबाईंनी फोन खाटेजवळ धरला.

“मॅडम,” मुजावर फोनवरून म्हणाले, “तीन गुरुवार उतार नाही. चौथ्याला आहे. अंगाला पाण्याचा थेंब लागलेला नाही, सेविका शंभर किलोमीटर लांब. मग केसात जे उतरलंय ते ऊन पाणी नव्हे. त्यांनी वाक्य ऐकलं, त्यांना ते समजलं, महिनाभर लक्षात राहिलं, आणि त्यांनी आठवडे मोजले.”

“पण वार कसा कळला?” खरातबाईंनी विचारलं.

“मी रोज सकाळी प्रत्येक खोलीत वार-तारीख मोठ्याने सांगते,” मार्था सिस्टर म्हणाल्या. “नियमात नाही ते. माझ्या सासूबाई आजारी होत्या तेव्हापासूनची सवय.”

हौसाक्का खाटेच्या कडेवर बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्यातच तिला हसू फुटलं. “अगं बाई! म्हंजे माझ्या जावेचं समदं ऐकलंय व्हय ह्यांनी? काय काय बोलले मी तिच्याबद्दल!” तिने आवटीबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. आवटीबाईंचे डोळे छताकडेच होते.

खरातबाईंना आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्यांना लगेच लाज वाटली. गेल्या पाच वर्षांत निश्चल केंद्राच्या बत्तीस आदेशांवर त्यांचीच सही होती. प्रत्येक वेळी त्यांनी रेषा तपासली होती, सपाट निघाली होती, आणि त्यांनी शांत झोप घेतली होती. रेषेत उतार यायला आधी कशाची तरी वाट बघावी लागते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्यांना कुणी काही सांगितलंच नाही, त्यांनी वाट तरी कशाची बघायची?

“मुजावर, केंद्रातल्या बत्तीस जणांचे केस उद्याच मागवा.”

“मागवून काय वाचू, मॅडम? तिथे सगळे दिवस सारखे. रेषा सपाटच येणार, आत माणूस जागा असो वा नसो.” मुजावर म्हणाले. “चाचणी घ्यायची तर आधी कुणीतरी जाऊन प्रत्येकाला वार सांगायला हवा, आणि तो पाळायला हवा. निदान तीन महिने. मग केस कापू. यंत्राला ते जमणार नाही.”

“मंडळाकडे त्यासाठी माणसं नाहीत,” खरातबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या गेली कित्येक वर्षं म्हणत आल्या होत्या. या वेळी ते त्यांनाच ऐकवेना. त्यांनी आवटीबाईंचा आदेश फाडला, डायरी उघडली आणि पुढच्या सगळ्या मंगळवारच्या सभांवर काट मारली. एका माणसाने सुरुवात करायची तर ती त्यांनीच करायला हवी होती. “दर मंगळवारी केंद्रात मी जाईन,” त्या म्हणाल्या.

दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या. भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या बाईंनी आता चाचरत विचारलं.

“हौसाक्का, समोरचा काहीच बोलत नसला, तर... सुरुवात कशी करायची?”

हौसाक्काने डोळे पुसले. असा प्रश्न पडू शकतो याचंच तिला नवल वाटलं.

“पयलं आपलं नाव सांगायचं. मग घरात कुणाचं भांडण झालं, ते सांगायचं.”

“माझ्या घरी भांडायला कुणी नाही.”

“मग हापिसातलं सांगा की.” ती पुन्हा कंगवा घेऊन आवटीबाईंच्या केसांकडे वळली. “पण मॅडम, समदं एकदम सांगायचं न्हाई. अर्धं म्होरल्या मंगळवारला ठिवायचं.”