तिसरी पिन

शेवटचं पान छापायला गेलंय. आता तासभर कुणाचा फोन यायचा नाही. ती डोक्यावरची ट्यूब बंद कर रे, डोळ्यांत घुसते. आणि तू, हसणं आधी आवर. तीस वर्षं मी पोलीस ठाणी आणि शवागारं पालथी घातली आहेत. भूतबीत मी मानत नाही. ऐकीव बातमी तर आयुष्यात दिलेली नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या भाचीची आहे. तिला मी तीन वेळा वकिलासारखं उलटसुलट विचारलं. तिन्ही वेळा तिने शब्दाला शब्द तेच सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार. रात्रीचे साडेनऊ.

काम अगदी साधं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नगर सभागृहात तिच्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम. ती गिटार वाजवते आणि गातेसुद्धा. आदल्या रात्री ॲम्प नेऊन ठेवायचा, त्याचा आवाज हॉलला बसवायचा आणि घरी येऊन झोपायचं. सोबत तिचा ड्रमर होता, त्याला सगळे ढोल्याच म्हणतात. पहारेकऱ्याने दार उघडलं आणि बजावलं, "साडेअकराला कुलूप लावणार. आणि गाडी फाटकातून काढा, वाट अडलीये."

"काढतो हो. आधी हा हत्ती तर उतरू दे," ढोल्या धापा टाकत म्हणाला.

हत्तीच तो. हाय-गेन ॲम्प म्हणजे तारेचा बारीकसा आवाजही फुगवून, फाडून अंगावर सोडणारं यंत्र. घरच्या खोलीत तिने त्याची बटणं महिनाभर जुळवली होती. गेन म्हणजे ही फुगवाफुगवी नऊवर, बेस म्हणजे खर्ज पूर्ण, मिड म्हणजे मधले सूर शून्य. खोलीत वाघ डरकाळी फोडायचा. इथे चारशे रिकाम्या खुर्च्यांसमोर तिने पहिला कॉर्ड मारला आणि डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज आला.

"मॅडम, वाघ घरीच राहिला वाटतं," ढोल्या म्हणाला.

"तू दात काढू नकोस. ही गुणगुण कुठून येतेय ते बघ आधी."

गुणगुण होतीच. ती वाजवायची थांबली की स्पीकरमधून एकसारखी, जाड. गेन एवढा वाढवला की तारेतली बारीकशी खरखरसुद्धा मोठी होणारच. ढोल्याने ॲम्पचा प्लग काढला, पक्कड घेतली आणि प्लगची वरची जाड पिन, अर्थिंगची, कटकन तोडली.

"अरे!"

"सगळेच करतात. बघ आता."

प्लग परत लावला. गुणगुण गेली.

आता नीट ऐका, कारण हा मूर्खपणा मी पंधरा ठिकाणी पाहिलाय आणि अजून माझं रक्त उकळतं. ती तिसरी पिन शोभेची नसते. ॲम्पच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते. पिन नसेल तर ती पत्र्यातच थांबते. पत्र्यातून केबलमध्ये, केबलमधून गिटारच्या तारांत. आणि गाणाऱ्याच्या तोंडासमोरच्या माईकची जाळी जमिनीला जोडलेली असते, माईक ज्याला जोडलेला असतो तो साउंड बोर्ड बंद असला तरी. बोटं तारांवर, ओठ जाळीवर... मधे कोण उरलं? पोरगी उरली. तिच्या पायांत रबरी बूट, खाली लाकडी स्टेज. म्हणून नुसतं वाजवताना तिला काहीच कळलं नाही.

ढोल्या गाडी काढायला गेला. घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं.

ती एकटी. परत वाजवलं. गुणगुण नाही, पण आवाज तोच, चिरका. तिने गेन आणखी वाढवला. आवाजाचा आणखी चिखल झाला.

मागून, बाल्कनीखालच्या अंधारातून कुणीतरी म्हणालं, "गेन खाली घ्या."

तिथेच साउंड बोर्डचं टेबल. टेबलामागे बसलेला माणूस तिला अंधुक दिसला. तिला वाटलं, हॉलचा साउंडवाला आला.

"किती घेऊ?"

"पाचवर. छोट्या खोलीतला हिशोब इथे चालत नाही."

तिने घेतला.

"बेस कमी. ती जागा बेस गिटारवाल्याची आहे, तुमची नाही."

"आणि मिड?"

"मिड वर. अजून. लोकांना तुम्ही ऐकू येणार ते मिडमध्येच."

तिने कॉर्ड मारला. मला सांगताना ती म्हणाली, "मामा, तो आवाज मी दोन वर्षं शोधत होते. प्रत्येक तार वेगळी, तरी सगळी मिळून भिंत."

ती हसली. "थँक यू! आधीच का नाही बोललात?"

तिने गिटारचा पट्टा सारखा केला.

"थांबा हं, एकदा गाऊन बघते. उभं कुठे राहायचं ते ठरेल."

स्टँडवर तिचा माईक होता. सोमवारीच विकत घेतलेला, कोरा, हॉलच्या केबलला जोडलेला. गळ्यात गिटार, डावा हात तारांवर. ती दोन पावलं पुढे गेली.

"थांबा."

ती थांबली. "काय झालं?"

...

"काही चुकलं का?"

...

"अहो?"

ती माईकपाशी पोचली.

ती आणखी वाकली. तोंड आणि जाळीमध्ये चार बोटं उरली असतील.

"गिटार ठेवा."

आवाज आता बाल्कनीखालून नव्हता. जवळून होता. पहिल्या रांगेतून.

पहिल्या रांगेत कुणी नव्हतं.

तिने पट्टा काढला. गिटार स्टँडवर ठेवली.

"टेस्टर."

ढोल्याच्या पेटीत होता. तिने काढला. मूठ धरली. टोक तारेला लावलं.

दिवा लागला.

नारिंगी. भक्क.

ती बघत राहिली. मग... धावली. भिंतीवरचं बटण पाडलं. ॲम्प विझला. हॉलमध्ये फक्त तिचा श्वास.

"तुम्ही कुठे आहात?"

...

मोबाईलचा उजेड धरून ती खुर्च्यांमधून मागे गेली. साउंड बोर्डवर कापडी खोळ होती. चारी बाजूंनी नाडीने बांधलेली. वर धुळीचा थर, त्यावर बोटाचीही खूण नाही. खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलेली.

ढोल्या आला तेव्हा ती दारात बसली होती. पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, साउंडवाला उद्या दहाला येणार. आत तुमच्या दोघांशिवाय कुणी नाही." अकरा चाळीसला त्याने कुलूप लावलं, किल्ली ढोल्यासमोर खिशात टाकली.

रात्री पाऊणला तिने मला फोन केला. मी उठून जुन्या कात्रणांची फाईल काढली. कारण त्या हॉलची बातमी माझ्याकडे होती. आठ वर्षांपूर्वीची. त्याच स्टेजवर सभागृहाचाच साउंडवाला गेला होता. एका हातात कुणाची तरी गिटार, दुसऱ्यात माईक. कुणीतरी अर्थिंगची पिन तोडली होती, प्लगचा फोटो मी स्वतः काढला होता. आणि आमच्या संपादकांनी छापलं काय? 'तंत्रज्ञाचे हृदयविकाराने निधन'. चार ओळी, सातवं पान. सभागृहाच्या जाहिराती यायच्या ना दर आठवड्याला! मी भांडलो, आरडाओरडा केला, आठवडाभर ऑफिसला गेलो नाही. काय उपयोग? ज्यांनी सांगायचं ते गप्प बसले.

"सर, मग कार्यक्रम झाला का?"

झाला. सकाळी इलेक्ट्रिशियन नेला, ॲम्पमध्ये सुटून पत्र्याला टेकलेली वायर जोडली, नवा प्लग बसवला. पण त्याआधीचं सांगतो. सकाळी आठला पहारेकऱ्याने आमच्यासमोर कुलूप काढलं. मी, भाची, इलेक्ट्रिशियन. आम्हीच पहिले आत.

स्टेजवर माईक होता तिथेच उभा होता.

त्याची जाळी दिसत नव्हती. काळी इन्सुलेशन टेप. वेढ्यावर वेढा, घट्ट, जाळीचा ठिपकाही उघडा नाही. भाची म्हणाली, मी नाही. ढोल्याला फोन लावला, तो म्हणाला, टेप कसली?

मी ती सोडवायला घेतली. टोक शोधलं. कात्रीने कापलेलं नव्हतं, दातांनी तोडलं होतं.

आणि ते अजून ओलं होतं.