शशिकांतसाठी उपासना

"प्रभू येशू, माझ्या पप्पांना लवकर घरी आण..." डोळे मिटून, हात जोडून अलकानं रोजच्यासारखं म्हटलं, आणि तिचं 'आमेन' पुरं व्हायच्या आतच सुनंदा ताडकन उठली.

"पुरे! आई, पुरे करा आता! उद्यापासून माझ्या मुलीच्या तोंडी हे नको!"

दिल्लीतल्या रामकृष्णपुरमच्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये कूलरची घरघर तेवढी चालू राहिली. सात वर्षांची अलका बावरून म्हणाली, "मम्मी, मी कुछ गलत बोलले का?"

"नाही गं राणी," कुमुदबाईंनी नातीला जवळ ओढलं. "सुनंदा, अगं लेकरानं बापासाठी मागितलं, त्यात..."

"कोणत्या बापासाठी? तिनं त्यांचा चेहरासुद्धा पाहिलेला नाही! सैन्यानं कळवलं, पाळकसाहेबांनी समजावलं, सगळ्या जगानं मान्य केलं, आई! फक्त तुम्ही नाही! तुमच्या विश्वासापायी मी ना धड सधवा, ना धड विधवा! तुमचा देव तुमचं ऐकेल तेव्हा ऐकेल... तोवर माझं काय?"

आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं. कुमुदबाई तशाच गुडघ्यांवर बसून राहिल्या. ज्या सुनेला त्यांनी पोटच्या मुलीसारखं जपलं, तिच्या तोंडून हे शब्द!

शशिकांत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर तो बेपत्ता झाला, तेव्हा अलका सुनंदाच्या पोटात होती. युद्धकैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा कुमुदबाई अमृतसरपर्यंत गेल्या, परतणाऱ्या प्रत्येक जवानाच्या चेहऱ्यात आपला मुलगा शोधला आणि रिकाम्या हातांनी परतल्या. पुढे सैन्यानं त्याला मृत मानलं, सुनंदाला केंद्रीय मंत्रालयात नोकरी मिळाली आणि अलकाला सांभाळायला कुमुदबाई नगरचं घर मिटवून कायमच्या दिल्लीला आल्या. पण स्मरणार्थ उपासनेचा विषय निघाला की त्या ठामपणे म्हणत, "ज्याचा देह पाहिला नाही, त्याला मी पुरणार नाही. माझ्या प्रभूनं चौथ्या दिवशी लाजाराला कबरेतून उठवलं. तो माझा शशी मला परत देईल!"

त्या भांडणानंतर सासू-सुनेचं बोलणंच थांबलं. आणि एका रणरणत्या दुपारी, सुनंदा ऑफिसात असताना, भालचंद्र दारात उभा राहिला. मूळचा जालन्याचा हा भला माणूस फरीदाबादच्या एका कारखान्यात फोरमन होता आणि चर्चच्या मराठी मंडळीत रविवारी पेटी वाजवायचा.

"सलाम, आई. निरोप घ्यायला आलो. पुण्याला बदली मागून घेतलीय." तो पाण्याचा पेला हातात घेऊन घुटमळला. "एक विनंती आहे. सुनंदाबाई त्या दिवशी तुम्हाला जे बोलल्या, त्याचा राग धरू नका. माफी मागायला त्यांची जीभ वळत नाही, पण फार रडल्या त्या."

कुमुदबाई चमकल्या. "हे तुम्हाला तिनं सांगितलं? भालचंद्र, तुमचं आणि तिचं..."

"काही नाही, आई! मी लग्नाचं विचारलं होतं. अलकालाही पोटच्या मुलीसारखं वाढवीन म्हणालो. त्यांनी नकार दिला." त्यानं मान खाली घातली. "म्हणाल्या, 'माझ्याही मनात तुम्ही आहात. पण मी हो म्हटलं तर आईंना मुलाचं मरण मान्य करावं लागेल. त्यांच्या काळजाचे तुकडे करून मला संसार नको.'"

तो गेला. बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती. कुमुदबाईंनी पलंगाच्या कडेशी गुडघे टेकले... इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, या घरासाठी त्याग केला तो आपण! आणि ती पोर, ऐन तारुण्यात, आपल्या आशेचं ओझं मुकाट्यानं वाहत राहिली होती!

"प्रभू," त्यांच्या तोंडून शब्द फुटला, "मी तुझ्यावर विश्वास ठेवला, की माझ्या हट्टावर? तू देशील तेच घेईन असं मी कधी म्हटलंच नाही रे... मला फक्त शशी हवा होता!"

रविवारी उपासना संपत आली तेव्हा कुमुदबाई बाकाचा आधार घेत उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, माझा मुलगा शशिकांत... देवाघरी गेला. पुढच्या रविवारी त्याच्या स्मरणार्थ उपासना करावी, अशी त्याच्या आईची विनंती आहे."

"नको!" सुनंदा धावत आली. "आई, नका असं बोलू! मी रागाच्या भरात काहीबाही बोलले... माझ्यासाठी तुम्ही हे करू नका!"

"तुझ्यासाठी नाही गं. त्याच्यासाठी. मी त्याला नीट जाऊसुद्धा दिलं नाही!"

आणि मुलगा हरवल्यापासून, रडणं म्हणजे अविश्वास असं मानून ज्या माउलीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती सुनेच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली.

भालचंद्रला पुण्याला कुमुदबाईंनी जाऊच दिलं नाही. थंडीच्या सुरुवातीला लग्न लागलं. सुनंदाचे आईवडील केव्हाच वारलेले. पाळकसाहेबांनी विचारलं, "या वधूला कोण देत आहे?" तेव्हा पांढऱ्या साडीतल्या कुमुदबाई पुढे झाल्या. जे हात सात वर्षं मुलासाठी जोडले होते, त्याच हातांनी त्यांनी सुनंदाचा हात भालचंद्रच्या हातात दिला.

"मी देते. तिची आई."

क्वार्टर सोडायचा दिवस आला. भालचंद्रनं आधीच बजावलं होतं, "आई येणार नसतील तर फरीदाबादचं घर घर नव्हेच." सासू-सुना मिळून पोत्यांत भांडी भरत होत्या. मध्येच सुनंदाचा हात थांबला.

"आई, एक विचारू? इतकी वर्षं तुम्ही प्रार्थना केलीत. देवानं नाही दिलं. तुम्हाला त्याचा राग नाही येत?"

"येतो ना. रोज येतो."

"मग?"

"मग त्यालाच सांगते. दुसऱ्या कुणाकडे जाऊ?" कुमुदबाईंनी पोत्याचं तोंड आवळलं. गाठ काही बसेना. "शशी त्याच्यापाशी सुखात आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे, सुनंदा. पण मला तो माझ्यापाशी हवा होता गं...!"

सुनंदानं त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली आणि त्यांना छातीशी धरलं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत राहिला. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.