कुलूपबंद आजोबा

"डावीकडे, आजोबा! डावीकडे म्हणजे घड्याळाच्या हाताकडे!"

"अगं, मी घड्याळ उजव्या हातात घालतो!" फोनमधून आजोबांचं हसू ऐकू आलं.

"मग घड्याळाच्या हाताकडे नाही! दुसरीकडे!"

कतारमध्ये, दोह्यातल्या अल सद्द भागात, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गार्गी, तिचा धाकटा भाऊ गंधार आणि समोरच्या दारातली तसनीम टॅबवर डोकी जोडून बसली होती. टॅबवर जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराचा नकाशा होता, आणि त्यावर एक निळा ठिपका रमतगमत सरकत होता. तो ठिपका म्हणजे गोविंदराव, त्यांचे नाशिकचे आजोबा.

त्याचं असं झालं, बाबांना कंपनीच्या कामासाठी न्यूरेंबर्गजवळच्या एका कारखान्यात जायचं होतं. "अप्पांनाही नेतो. जरा जुनं शहर बघतील," ते म्हणाले. पण बाबा आठवड्याचे सातही दिवस कारखान्यात, मग आजोबांना शहर दाखवणार कोण? तिथल्या गाइडचं इंग्रजी आजोबांच्या कानापर्यंत पोचायच्या आत पळून जायचं. म्हणून गार्गीनं स्वतःच टूर तयार केली! डोंगरावरच्या किल्ल्यापासून खाली नदीपर्यंत, पायी. प्रत्येक थांब्याची माहिती तिनं मराठीत रेकॉर्ड केली. आजोबांनी फक्त इअरफोन कानात घालायचा, थांबा आला की बटण दाबायचं आणि नातीचा आवाज ऐकायचा. बाहेर दोह्याचं ऊन असं पेटलं होतं की मुलांना खाली पार्किंगपर्यंतही जाववत नव्हतं. निदान आजोबा तरी फिरताहेत, याचाच त्यांना आनंद होता.

"आणि टूर मुद्दाम शुक्रवारी ठेवली नाही हं," गार्गीनं बाबांना ऐटीत सांगितलं होतं. "शुक्रवारी सगळं बंद असतं. रविवारी ठेवलीय. रविवारी कसं, सगळं सुरू!"

बाबांनी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता 'छान, छान' म्हटलं होतं.

"ताई, आजोबा थांब्यापाशी पोचले!" गंधार ओरडला.

हा थांबा गार्गीच्या विशेष आवडीचा होता. एका अरुंद गल्लीत जुनं घर, घराच्या पोटात चौक, चौकाला चारी बाजूंनी लाकडी सज्जे. आत पुस्तकं बांधणाऱ्या एका बुकबाइंडरचं दुकान होतं, त्यामुळे दुकानाच्या वेळात कुणीही चौकात जाऊ शकायचं.

"गल्लीत चिटपाखरू नाही गं," आजोबा म्हणाले. "दुकानंही बंद दिसतात."

"उघडतील हो! तुम्ही मोठं लाकडी दार शोधा आणि ढकला."

"हं... हे घट्ट आहे. हां, हे ढकललं गेलं. चला, आत जातो. ठेवतो फोन, आता तुझं रेकॉर्डिंग ऐकतो."

तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. गंधारनं खजुराचा डबा उघडला. तसनीमनं टॅबवर पुढच्या थांब्याचे फोटो उघडले. निळा ठिपका मात्र तिथून हललाच नाही. डबा अर्धा झाला तरी ठिपका तिथंच!

"इतका वेळ काय बघतायत?" तसनीम म्हणाली. तिचं घर मूळचं चिपळूणचं. "अगो, तुझं रेकॉर्डिंग तर दोन मिनिटांचं!"

तेवढ्यात फोन वाजला.

"गार्गी, बाळा, जरा घोटाळा झालाय." आजोबांचा आवाज बारीक झाला होता. "मी आत आलो आणि मागे दार लागलं. आता आतून मूठच फिरत नाही. खूप हाका मारल्या. आतली सगळी दारं बंद, खिडक्या बंद. कुणीच नाही इथं."

"बुकबाइंडर?"

"कसला बुकबाइंडर! मी आपला अक्रोडाच्या झाडाखाली बाकावर बसलोय. डोक्यावर चर्चची घंटा अशी ठणाणते की कान फुटावेत. आणि बाळा, सकाळी इन्सुलिन घेतलंय. तुझ्या थांब्यांप्रमाणे आता जेवायला हवं होतं. खडीसाखर कोटाच्या खिशात, आणि कोट हॉटेलात. हात जरा थरथरतायत."

मागच्या दिवाळीत नाशिकला आजोबांची साखर उतरली होती तेव्हा ती तिथं होती. घामानं भिजलेला त्यांचा चेहरा, अडखळणारी जीभ, आणि साखरपाण्याचा पेला घेऊन धावलेली आई! इथून पेला कसा नेणार?

"आजोबा, एकशे बारा लावा! पोलिसांना सांगा!"

"पोलीस कशाला गं? परक्या देशात उगाच भानगड. आणि हा फोन तुझं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून आता..."

फोन बंद पडला. निळा ठिपका राखाडी झाला.

"लाव ना, परत लाव!" गंधार रडवेला झाला. गार्गी लावत राहिली. पलीकडून एक बाई जर्मनमध्ये तेच तेच सांगत राहिली.

बाबांचा फोन बंद. कारखान्यात मशीनची चाचणी चालू असताना मोबाइल दारावरच ठेवून घ्यायचे. आई ऑफिसात, मीटिंगमध्ये. तिला पाठवलेल्या मेसेजवर निळी खूण काही येईना. घरात मोठं माणूस एकच, वरच्या मजल्यावरची बबीतामावशी. सुट्टीत मुलांकडे लक्ष द्यायला ती खाली येऊन बसायची. सध्या तिचं सगळं लक्ष मोबाइलवरच्या सुरळीच्या वड्यांकडे होतं.

"मावशी, आजोबा अडकलेत!"

"कुठं? लिफ्टमध्ये?"

"जर्मनीत! चौकात! त्यांची साखर उतरतेय!"

"अगं, ते लोक किती शिस्तीचे! कुणीतरी येऊन उघडेलच. उगाच पॅनिक होऊ नका." आणि मावशीनं इअरफोन परत कानात घातला.

गार्गीला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण रागावून जर्मनीतलं दार उघडत नाही!

"हॉटेल!" तसनीम म्हणाली. "हॉटेलचा नंबर शोध!"

पहिल्यांदा गंधार बोलला. रडत, भरभर, अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी. 'मुलांनी असल्या थट्टा करू नयेत' असं सुनावून तिकडच्या माणसानं फोन आपटला.

"दे इकडं!" तसनीम ताठ उभी राहिली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या प्रिन्सिपल मॅडम बोलतात तसा खर्जातला आवाज काढून तिनं इंग्रजीत सुरुवात केली, "गुड मॉर्निंग. मी कतारहून बोलतेय. तुमच्या हॉटेलात उतरलेले एक वृद्ध गृहस्थ संकटात आहेत. त्यांना मधुमेह आहे. लिहून घ्या."

आणि त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं! गार्गीनं पत्ता सांगितला, बुकबाइंडरचं नावही सांगितलं.

"पण मॅडम, ते उघडं कसं असेल?" तो माणूस म्हणाला. "आज रविवार आहे. आमच्याकडे रविवारी सगळं बंद. त्या गल्लीत तर नुसती ऑफिसं आणि दुकानं. उद्या सकाळपर्यंत तिथं कुणी फिरकणार नाही."

गार्गी मटकन खाली बसली. रविवार! ती जन्मली दोह्यात, वाढली दोह्यात. रविवार म्हणजे शाळेचा पहिला दिवस, ऑफिसचा पहिला दिवस. सुट्टी म्हणजे शुक्रवार! आपण किती हुशारीनं शुक्रवार टाळला, म्हणून ती मिरवत होती.

"मीच त्यांना तिथं कोंडलं," ती पुटपुटली. गंधार तिला चिकटून बसला.

'पोलिसांना कळवतो,' असं सांगून त्या माणसानं फोन ठेवला. मग नुसती वाट बघणं. एसी गुरगुरत होता. खाली रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या. आपले आजोबा एका बाकावर कदाचित कलंडले असतील, आणि आपण इथं थंडगार खोलीत खजूर समोर ठेवून बसलोय! करण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं.

फोन वाजला. तिघांनी झडप घातली.

"पोलिसांनी किल्ली मागवून ते दार उघडलं," हॉटेलचा माणूस म्हणाला. "चौक रिकामा आहे. तुमचे आजोबा तिथं नाहीत. ते बाहेर पडून कुठंतरी फिरत असावेत. आता संध्याकाळपर्यंत थांबू या."

संध्याकाळपर्यंत! गार्गीला रडूच फुटलं. त्याच वेळी आईचा फोन आला. मुलांनी एकदमच सगळं सांगितलं.

"पोलिसांना कळवलंय ना? झालं तर मग," आई धापा टाकत म्हणाली. आवाजावरून ती जिना उतरत असावी. "मी बाबांच्या ऑफिसला फोन लावतेय. तुम्ही आता कुणालाही फोन करायचा नाही! मोठ्यांचं काम मोठ्यांना करू द्या. कळलं?"

"हो," गार्गी म्हणाली.

गंधार मात्र टॅबवरचा लाकडी सज्ज्यांचा फोटो टक लावून बघत होता. "ताई, आजोबा झाडाखाली बसलेत म्हणाले ना? अक्रोडाच्या?"

"हो, मग?"

"या चौकात झाडच नाही!"

गार्गीनं फोटो खेचून घेतला. खरंच की! चारी बाजूंनी लाकूड, खाली नुसती फरशी. कुंडीसुद्धा नाही! तिला आजोबांचं बोलणं आठवलं. 'हे घट्ट आहे. हां, हे ढकललं गेलं.' म्हणजे दारं दोन होती! बुकबाइंडरचं दार रविवारचं बंद, म्हणून आजोबांनी पुढचं कुठलंतरी दार ढकललं!

"पण कुठलं? एवढ्या अरुंद गल्लीत ठिपकाही नेमकी जागा दाखवत नव्हता, आणि सगळी दारं सारखीच!"

"दारं कशाला बघतेस?" तसनीमनं नकाशाचं बटण दाबलं. "वरून बघ! आभाळातून!"

नकाशाच्या जागी उपग्रहाचं चित्र आलं. लाल कौलांची गर्दी, आणि मधे मधे चौकोनी भोकं. तेच चौक! एकात काचेचं छप्पर, एकात गाड्या. झाडाचा हिरवा गोल ठिपका दोनच चौकांत होता. एक गल्लीच्या या टोकाला, एक त्या टोकाला.

"आता?" गंधारनं विचारलं.

"घंटा!" गार्गी किंचाळली. "डोक्यावर घंटा ठणाणते म्हणाले! चर्च कुठंय? हे बघ, या टोकाला! हा चौक चर्चच्या भिंतीला टेकलाय!"

तिनं त्या हिरव्या ठिपक्याभोवती लाल गोल काढला. आईनं तर फोन करायला मनाई केली होती!

"फोन नाही करायचा," तसनीम डोळे मिचकावत म्हणाली. "फोटो पाठवायला कुठं नाही म्हटलंय?"

हॉटेलच्या नंबरवर चित्र गेलं. खाली तसनीमनं प्रिन्सिपल मॅडमना शोभेल अशा इंग्रजीत लिहिलं, 'गृहस्थ इथं आहेत. झाडाखाली. कृपया ताबडतोब साखर घेऊन जा.'

आणि पुन्हा वाट बघणं. या वेळी ते जास्तच जड गेलं, कारण आता करण्यासारखं सगळं करून झालं होतं. तिथंही नसले तर? उशीर झाला असला तर? गंधारनं देवाला हात जोडले. तसनीमचे ओठ हलत होते. गार्गीला प्रार्थनाही सुचेना.

जर्मनीचा नवाच नंबर चमकला.

"हॅलो?"

पलीकडे कुणीतरी जर्मन बोललं, मग खडखड झाली, मग एक थकलेला आवाज आला. "गार्गी? अगं, हे पोलीस मला सफरचंदाचा रस पाजतायत. दुसरा पेला झाला. एवढा गोड रस मला आयुष्यात कुणी दिला नव्हता!"

गंधारनं सोफ्यावर उडी मारली. तसनीम ओरडत खोलीभर नाचली. त्या गोंधळानं बबीतामावशीही धावत आली आणि सगळं कळल्यावर कपाळावर हात मारून घेत गंधारला जवळ घ्यायला लागली.

"पोलीस विचारतायत, तो लाल गोल कुणी काढला?" आजोबा म्हणाले. "म्हणतात, असं डोकं आमच्या खात्यात हवं. मी म्हटलं, माझी नात आहे ती, नातू आहे, आणि त्यांची मैत्रीण!"

मग आई आली. मुलांना गच्च मिठी मारून ती म्हणाली, "माझं ऐकलं नाहीत, बरं केलंत." तिच्या मोबाइलवर बाबांचा फोन आला. "मी टूर एकदा तरी बघायला हवी होती. शाब्बास, पोरांनो! तुम्ही नसता तर..."

सगळे एकाच वेळी गार्गीचं कौतुक करत होते. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या कानाला तिनं आजोबांचा फोन घट्ट धरून ठेवला होता.

"ठेवू का आता?" आजोबांनी विचारलं. "पोलिसांचा फोन आहे बाळा, बिल येईल त्यांना."

"नको," गार्गी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "बोला ना, आजोबा."

"काय बोलू?"

"काहीही. फक्त बोलत राहा."