काळी चार

पाहुणे कलाकार दोन प्रकारचे असतात: पहिल्या दिवशी खोलीबद्दल तक्रार करणारे आणि शेवटच्या दिवशी करणारे. पहिले परवडतात. शहराबाहेर पीण्या या औद्योगिक वसाहतीतले कारखाने संपून निलगिरीची झाडं सुरू होतात, तिथल्या एका खासगी विद्यापीठाच्या संगीत विभागात मी या मंडळींची व्यवस्था बघते. कोण काय घेऊन जातो आणि काय ठेवून जातो, याचा हिशेब मी मनातल्या मनात मांडत असते. एक सतारिये गेस्ट हाउसच्या उशा घेऊन गेले. पण मुलांना ‘झाला’, म्हणजे सतारीवरचा शेवटचा द्रुत भाग, असा शिकवून गेले, की मी त्यांना जमेतच धरते.

उल्हासबुवा केळशीकरांनी काहीच मागितलं नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

यशवंतपूर स्टेशनवर मी त्यांना आणायला गेले. साताऱ्याहून आलेले, सत्तरीचे, काटकुळे गृहस्थ. सामान म्हणजे एक पिशवी आणि गवसणीतला उंच तानपुरा. हमालाला त्यांनी तानपुऱ्याला हात लावू दिला नाही. गाडीत त्याला सीटबेल्ट बांधला, स्वतःला मात्र बांधला नाही.

"तुम्ही मराठी?" त्यांनी विचारलं.

"मराठीच. पण पिढ्यान् पिढ्या इथल्या."

"तरीच. सांबारात तूप सोडल्यासारखं बोलता."

"सरी," मी कन्नडमध्ये ‘बरं’ म्हटलं. "दोन आठवडे तेच वाढलं जाईल."

आमच्याकडे पद्धत अशी: पाहुण्याने दोन आठवडे राहायचं, सकाळी वर्ग घ्यायचे, शेवटच्या संध्याकाळी सभागृहात गायचं. तानपुऱ्याला मागे एखादी विद्यार्थिनी बसते. ती कोण, हे मी ठरवते. या वेळी ठरवायला क्षणही लागला नाही. आर्या, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आमच्याकडेच शिकते, आणि भावाचं एचएसआर लेआउटमधलं घर लांब पडतं म्हणून माझ्याकडे राहते. भाऊ सॉफ्टवेअरमधला. त्याने तिला एक वर्ष दिलं होतं. कुणा मोठ्या गवयाने शिष्या म्हणून घेतलं तर ठीक, नाहीतर नोकरी. वर्ष संपत आलं होतं.

मागे बसणाऱ्याने नुसत्या तारा छेडायच्या नसतात. पुढचा गवई श्वासाला थांबला की ओळ उचलायची, थोडी फिरवायची आणि परत द्यायची. शिष्याला मैफलीत मिळते ती एवढीच जागा.

"थांबले की घे," मी आर्याला बजावलं. "लाजत बसू नकोस."

"आत्या, तू गाण्याची मॅनेजर आहेस की कबड्डीची?"

पहिल्या दिवशी बुवांनी तानपुरा काळी एकमध्ये लावला. पेटीवरची पहिली काळी पट्टी, पुरुषांची नेहमीची. वर्ग झाला, खोलीला कुलूप लागलं, किल्ली माझ्या पर्समध्ये आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्याने तारेवर बोट ठेवलं आणि हात मागे घेतला.

तानपुरा काळी चारमध्ये होता. चारही तारा, अगदी स्वच्छ.

काळी चार ही बायकांची पट्टी. मी एसीला दोष दिला. आमच्या विभागप्रमुख डॉ. श्यामला वीणावादकांच्या घरातल्या. त्यांनी कन्नडमध्ये मला गप्प केलं. "एसीने तार थोडी सरकते, संयोगिता, एवढी चढत नाही. आणि हा पुरुषी तानपुरा. एवढा चढवला तर तारा तुटायला पाहिजेत."

त्या तुटल्या नव्हत्या.

 बुवांनी खुंट्या पिरगळून एकेक तार खाली आणली. आश्चर्य वाटलेल्या माणसाचे हात तसे चालत नाहीत. रोजचं पथ्य सांभाळावं तसे ते चालत होते.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्याही. मी कुलूप बदललं, मग तानपुरा बुवांच्या खोलीत ठेवून पाहिला. कुणीतरी विद्यार्थी चेष्टा करतोय, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. एवढा अचूक तानपुरा लावणारा विद्यार्थी आमच्याकडे असता, तर मी त्याची आधी पाठ थोपटली असती.

वर्गात वेगळंच चाललं होतं. बुवा ओळ अर्धी म्हणत आणि थांबत. श्वासापुरतं नाही, चांगलं लांबलचक. आर्या ती जागा घेई, आणि गोड घेई. तान घेण्याआधी नाकाने सूं करून श्वास ओढायची तिची लहानपणापासूनची सवय आहे. तो श्वास ऐकला की बुवांचा चेहरा पडे. दुसऱ्याच कुणाची वाट बघताना दारात दूधवाला उभा दिसावा, तसा.

"मी चुकते का गं?" आर्याने घरी येताना विचारलं.

"चुकत नाहीस."

"मग ते माझ्याकडे बघत का नाहीत?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सरळ विषय काढला. पलीकडच्या कारखान्यातल्या प्रेसचा ठोका खिडकीतून येत होता. बुवा बशीकडे बघत होते.

"मुग्धा म्हणून मुलगी होती," ते म्हणाले. "बरीच वर्षं माझ्यामागे बसली. मंचावर मी डोळे मिटले की मागून हळूच म्हणायची, ‘म्हणा, बुवा. मी आहे.’ एकदा एका मैफलीत मी थांबलो आणि तिने जागा घेतली. लोकांनी तिला दाद दिली. मला नव्हती मिळाली तशी."

"मग?"

"मग मी थांबायचं सोडलं. सबंध मैफलीत जागाच ठेवायची नाही. ती नुसती तारा छेडत बसायची. तक्रार नाही, काही नाही. तिची पट्टी काळी चार, हे मला ती वारल्यावर तिच्या आईकडून कळलं. माझ्या काळी एकमध्ये तिचा गळा ना वर जायचा, ना खाली. इतकी वर्षं मी साधं विचारलं नाही, बाई, तुझा सूर कुठला."

मी त्यांचा कप पुन्हा भरला. 

"आता रोज थांबतो," बुवा म्हणाले. "उशीर झाला, पण थांबतो."

मी तेव्हा काय करायला हवं होतं, ते आता कळतं. आर्याला उठवून दुसऱ्या कुणाला बसवायचं, किंवा कुणालाच नाही. पण माझ्या डोक्यात भावाने दिलेलं वर्ष होतं. पश्चात्तापात असलेला माणूस शिष्या लवकर घेतो, असाही एक हिशेब होता. मी आर्याला एवढंच म्हटलं, "शेवटच्या दिवशी मोठी जागा सोडतील. सगळी घे."

शेवटच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी विंगेत उभी होते. तानपुऱ्याची गवसणी निघाली. तो काळी चारमध्येच होता.

आर्याने खुंटीला हात घातला.

"उतरवू नकोस," बुवा म्हणाले. "आज राहू दे."

"पण तुम्हाला कसं जमेल, बुवा? मलासुद्धा हे खाली पडतं. माझी काळी पाच आहे."

"राहू दे."

त्यांनी डोळे मिटले. खालच्या षड्जात, पुटपुटल्यासारखी, एका बंदिशीची अर्धी ओळ म्हटली. ती त्यांनी वर्गात कधीच शिकवलेली नव्हती.

मग ते थांबले.

तारा वाजत राहिल्या. सभागृहात कुणी खोकलं नाही.

मागून उरलेली ओळ आली.

आर्याचे ओठ हलत होते. बंदिश पूर्ण झाली, अंतरा आला, ताना आल्या. लोक पुढे सरकून बसले. श्यामला मॅडमनी डोळ्यांना पदर लावला.

बुवांनी मग जे केलं, ते मी कुठल्याच मंचावर पाहिलेलं नाही. त्यांनी श्रोत्यांकडे पाठ फिरवली, आर्यासमोर मांडी घातली आणि हात जोडून ऐकत बसले.

मी श्वासाची वाट बघत होते. तानेआधीच्या त्या सूंची.

तो आला नाही.

एवढ्या लांब ताना, एकीमागून एक, आणि मधे श्वास नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी आर्याला घेरलं. मी बुवांना गाठलं. "घ्याल ना तिला शिष्या म्हणून?"

"तिला मी काय शिकवणार?" ते म्हणाले. चेहरा एकदम निवळलेला, झोप पुरी झालेल्या माणसासारखा. "सगळं शिकलेली आहे ती." मला ती दाद वाटली. निघताना तानपुरा ते आर्याजवळच ठेवून गेले. "माझ्यामागे आता कुणी नाही," ते म्हणाले. "फार हलकं वाटतं."

गाडीत आर्याने विचारलं, "आत्या, बुवा थांबले, त्यानंतर काय झालं?"

भावाने नोकरीचा विषय सोडून दिला. विभागाने आर्याचा स्वतंत्र कार्यक्रम ठेवला. ती पुढे बसली, मागे दोन मुली तानपुऱ्याला. आर्याने तोंड उघडलं नाही. समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघत बसून राहिली, कुणीतरी सुरुवात करेल म्हणून. शेवटी पडदा पाडावा लागला.

तेव्हापासून ती गात नाही. डॉक्टरांना गळ्यात काही दिसत नाही. जेवते, बोलते, विनोद केला तर थोडं हसतेसुद्धा. बुवांना फोन केला की छान वाटतंय म्हणतात.

परवा सकाळी ओट्याशी उपमा ढवळत मी गुणगुणत होते. मी चांगलीच बेसूर आहे. रवा खाली लागायला लागला म्हणून अर्ध्यावर थांबले.

उरलेली ओळ मागून आली. काळी चारमध्ये.

इतक्या दिवसांनी तो गळा ऐकून मला रडूच आलं. मी तशीच उभी राहिले, गॅस बंद करायचंही सुचलं नाही. आर्या फरशीवर बसलेली असणार, माझ्यापासून हातभर मागे. मी वळले नाही. पुढची ओळ ती म्हणेल म्हणून थांबले.

ती माझ्यासाठी थांबली होती.

"म्हणा, बुवा," ती हळूच म्हणाली. "मी आहे."